विमानातली फुकटची खुर्ची, आणि आपण



"सर, ओळखीच्या एका कारखानदारांकडे आठ-दहा दिवस बसून काम बघायचं आहे. कसं विचारू? आणि तिथे वागायचं कसं?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये येतो. या वेळी उत्तर द्यायला मी तुम्हाला थेट अमेरिकेतल्या विमानाच्या कॉकपिटमध्ये नेणार आहे. लांबचं वाटेल, पण दोन मिनिटं सोबत या.

कॉकपिटमध्ये कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर यांच्या खुर्च्यांच्या मागे एक घडीची खुर्ची असते. तिला जम्पसीट म्हणतात. सरकारी तपासनीस वगैरे तिथे बसतात. पण अमेरिकेत तिचा मोठा उपयोग वेगळाच आहे. तिथले बरेच पायलट राहतात एका शहरात आणि त्यांची ड्यूटी सुरू होते दुसऱ्याच शहरातून. मग घर ते ड्यूटी हा प्रवास ते या खुर्चीवर बसून करतात, आणि तोही अनेकदा प्रतिस्पर्धी कंपनीच्या विमानातून! तिकीट नाही, पैसे नाहीत. तुम्ही आमची माणसं न्या, आम्ही तुमची नेतो, एवढाच करार. आपल्याकडे शेजारचा दुकानदार एक दिवस वजनकाटा देताना दहा वेळा विचार करतो, आणि इथे एकमेकांचे ग्राहक पळवणाऱ्या कंपन्या एकमेकांची माणसं रोज फुकट नेतात.

हे टिकलंय कशावर? माझं मत स्पष्ट आहे, करारापेक्षा जास्त ते रीतीवर टिकलंय.

ती रीत अशी. आधी गेटवरच्या कर्मचाऱ्याला ओळखपत्र दाखवून नम्रपणे विचारायचं. मग विमानात जाऊन कॅप्टनला स्वतः भेटायचं, नाव-कंपनी सांगायची आणि विचारायचं, "आज तुमच्यासोबत येऊ का?" मागे प्रवाशांमध्ये रिकामी सीट मिळाली तरी कॅप्टनला भेटल्याशिवाय तिथे जाऊन बसायचं नाही. पैसे भरलेल्या प्रवाशाच्या बॅगेची जागा आपण अडवायची नाही. उतरताना आभार मानायचे. आणि कॅप्टन नाही म्हणाला तर वाद न घालता खाली उतरायचं.

काही जण म्हणतील, हा नुसता उपचार झाला. मला तसं वाटत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर दुसऱ्या कंपनीच्या पायलटला कॉकपिटमध्ये बसवणं बंद झालं होतं. पुढे गेटवरच्या कॉम्प्युटरवर ओळख तपासायची व्यवस्था आली आणि ते परत सुरू झालं. म्हणजे कॉम्प्युटर 'हा खरा पायलट आहे' असं सांगतो. तरीही शेवटचा शब्द कॅप्टनचाच, कारण काही झालं तर जबाबदारी त्याची. ही भीती पोकळ नाही. २२ ऑक्टोबर २०२३ ला जम्पसीटवर बसलेल्या एका सुट्टीवरच्या पायलटने उडत्या विमानात इंजिनं बंद करणारी हँडल्स ओढायचा प्रयत्न केला. क्रूने त्याला आवरलं आणि विमान पोर्टलंडला सुखरूप उतरवलं.

या अधिकाराची दुसरी बाजूही आहे. १९८३ आणि १९८५ मध्ये तिकडे पायलटांचे मोठे संप झाले. संप मोडून विमान उडवणाऱ्यांना पुढे कित्येक वर्षं अनेक कॅप्टन ही खुर्ची नाकारत राहिले. मला स्वतःला हे पटत नाही, पाहुणचाराचं हत्यार करू नये. पण उपकाराची सोय कशी जाते, ते यावरून कळतं.

आता बसल्यावर काय? १०,००० फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाशिवाय बोलायचं नाही, हा १९८१ पासूनचा नियम आहे. पाहुण्यानेही तो पाळायचा. "आमच्या कंपनीत आम्ही असं करतो" हे तर अजिबात नको. पण धोका दिसला तर मात्र बोलायचंच!

२८ ऑक्टोबर २०१८ ची गोष्ट बघा. लायन एअरचं बोईंग ७३७ मॅक्स इंडोनेशियात देनपासारहून जकार्ताला निघालं आणि त्याचं नाक आपोआप खाली जायला लागलं. कॉकपिटमध्ये त्या दिवशी तिसरा पायलट बसलेला होता. त्या मोटरची वीज तोडा, हे त्याने सुचवल्याचं नंतर बातम्यांत आलं. स्विच बंद केले आणि विमान जकार्ताला पोचलं. पण उतरल्यावर क्रूने लॉगमध्ये अर्धवटच नोंद केली. दुसऱ्या दिवशी तेच विमान दुसऱ्या क्रूला मिळालं, ते समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. ही नोंदीची गोष्ट मी दर बॅचला सांगतो.

आता आपल्याकडे येऊ. आमच्या बॅचमधला एक मुलगा एका फरसाणवाल्यांकडे शिकायला बसला होता. पहिल्या दिवशी रीतसर विचारून गेला. तिसऱ्या दिवशी न विचारता मित्राला घेऊन आत शिरला आणि मसाला मिसळताना मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. मालकांनी रागावून बघितलंसुद्धा नाही, दोघांना चहा पाजला. चौथ्या दिवसापासून मात्र "आज भट्टी बंद आहे रे बाळा." आठवडाभर बंदच! आपल्याकडचा कॅप्टन तोंडावर नाही म्हणत नाही, एवढाच फरक.

त्याच बॅचमधली एक ताई मसाल्याच्या युनिटमध्ये बसायची. पाकिटांवर तारखेचा शिक्का चुकीचा पडतोय हे तिच्या लक्षात आलं. कामगारांसमोर न बोलता तिने मालकीणबाईंना बाजूला नेऊन सांगितलं. आज त्यांचा जादाचा माल तीच विकते.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या मित्रा, फोन कारखानदारांच्या मुलाला करू नकोस, त्यांना स्वतःलाच कर. गेल्यावर सुपरवायझरलाही भेट. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कालच हो म्हणाले असले तरी, दारात थांबून परत विचार, "काका, आज बसलो तर चालेल ना?"