डांबराची प्रत आणि रस्त्याचे आयुष्य

दर पावसाळ्यात रस्त्यांवर खड्डे पडतात आणि त्याचे खापर पावसाच्या माथी फोडले जाते. वस्तुतः पाऊस हे पुष्कळदा केवळ निमित्त असते; खड्ड्याचे मूळ आधीच्या उन्हाळ्यांत आणि त्याहीपूर्वी निविदेच्या कागदात असते.

रस्त्याच्या वरच्या थरात डांबराचे प्रमाण वजनाने सुमारे ५ टक्केच असते. परंतु खडीला बांधून ठेवते ते तेवढेच. ते गरजेपेक्षा मऊ असेल, तर विदर्भातील वैशाखात, रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात तापला असता, मालमोटारींच्या चाकांखाली चाकोऱ्या पडतात. उलट ते फाजील कडक असेल, किंवा मिश्रण करताना अतिरिक्त तापविले गेले असेल, तर त्याचा चिवटपणा जातो. भेगा पडतात, त्यांतून पाणी शिरते आणि खडी सुटी होते.

पूर्वी आपल्याकडे २५ अंश तापमानात डांबरामध्ये सुई किती रुतते, यावरून त्याची प्रत ठरे. भारतीय मानक ब्युरोने २००६ साली त्याऐवजी ६० अंशांवरील दाटपणा हा निकष धरला आणि व्हीजी-१० ते व्हीजी-४० अशा प्रती निश्चित केल्या. उष्ण देशाला हेच साजेसे होते. व्हीजी-४० ही प्रत अवजड वाहतुकीसाठी योग्य. गावरस्त्याला तिची गरज नाही. प्रश्न महाग डांबराचा नसून योग्य डांबराचा आहे.

मग चूक का होते? कारण आपण रस्त्याची किंमत मोजतो, आयुष्य मोजत नाही. निविदा कमीत कमी दराला मिळते. परंतु निकृष्ट कामाचा भुर्दंड एस.टी.चा प्रवासी, शेतमाल नेणारा शेतकरी आणि पुन्हा डांबरीकरणासाठी कर भरणारा नागरिक सोसतो. बचत एकाची आणि तोटा दुसऱ्याचा, अशी व्यवस्था असेल तेथे केवळ सचोटीच्या भरवशावर राहणे भाबडेपणाचे ठरते. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७०च्या दशकात १० वर्षांच्या हमीवर बांधला गेला आणि त्यानंतरही कित्येक वर्षे टिकला. हमी देणाऱ्याला टिकाऊपणात स्वारस्य असते, हाच त्याचा धडा.

म्हणून प्रत्येक रस्त्यावरील फलकावर खर्चाच्या आकड्याबरोबरच डांबराची प्रत, चाचणीचा दिनांक आणि हमीची मुदतही लिहिणे बंधनकारक करावे. जे जनतेला वाचता येते, त्याचाच जाब तिला विचारता येतो.