पेळू, मेण आणि लाख

‘सध्या डबिंगच्या विवंचनेत आहे,’ असे मी एकदा स्टाफरूममध्ये सहज बोलून गेलो आणि पंचाईत झाली. इतिहासाच्या प्राध्यापकांनी चहाचा कप खाली ठेवून विचारले, ‘म्हणजे सिनेमात आवाज देणार की काय?’ दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांत बातमी पसरली, की मराठीचे सर कुणा दाक्षिणात्य नटाच्या तोंडून बोलणार आहेत. वाचकहो, माझ्या आवाजाने वर्गातली पहिली तीन बाकेसुद्धा कधी जागी राहिलेली नाहीत. तेव्हा ती भीती नको. माझे डबिंग वेगळे. ते माशीचे.

माशी म्हणजे चहाच्या कपात पडते ती नव्हे. बारीक गळावर दोरा, लोकर, पिसे गुंडाळून केलेला खोटा किडा. थंड देशांतल्या वाहत्या नद्यांत ट्राउट नावाचा चोखंदळ मासा असतो. तो पाण्यावर उतरणारे किडे टिपतो. त्याला फसवायला गांडूळ न लावता हा बनावट किडा पाण्यावर सोडायचा. या किड्याचे अंग करण्यासाठी दोऱ्यावर जी लव वळून गुंडाळतात तिला म्हणतात डबिंग. लव दोऱ्याला धरून राहावी म्हणून दोऱ्याला मेण लावतात. शेवटी डोक्यापाशी गाठ मारून तिच्यावर रोगणाचा थेंब सोडतात, ते हेड सिमेंट. या तीन वस्तूंनी माझे हे सबंध वर्ष खाल्ले.

हा उद्योग काही आजकालचा नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या मासेमारांविषयी लिहून ठेवले आहे, की ते गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधतात. १४९६ साली इंग्लंडात मासेमारीवर एक पुस्तिका छापली गेली. ती ज्युलियाना बर्नर्स या मठवासिनीच्या नावावर सांगतात. तीत बारा माशांची कृती आहे, आणि हा ‘डब’ शब्दही तीत आहे. पाचशे वर्षांहून जुना शब्द म्हटल्यावर मराठीच्या माणसाला स्वस्थ कसे बसवेल? मी त्याला आपल्या घरचा प्रतिशब्द शोधला. पेळू! सूत काढण्याआधी पिंजलेल्या कापसाचा वळतात तो पेळू.

आता हे खूळ म्हसावदला कसे पोचले ते सांगतो. आमचे म्हसावद शहादे तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. साताऱ्याकडचे म्हसवड ते निराळे. माझा थोरला भाऊ पर्थला असतो. तेही ऑस्ट्रेलियातले पर्थ नव्हे, स्कॉटलंडमधले, टे नदीकाठचे. आम्ही दोघेही भाऊ अशा गावांत राहतो, की पत्ता सांगताना आधी ‘ते नव्हे’ म्हणावे लागते.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मी सहा-सात वर्षांचा असताना तो मला प्रकाशाला घेऊन जायचा. तिथे गोमाई तापीला मिळते. वेळूची काठी, गळ, गांडुळांचा डबा आणि मी, एवढे सामान तो सायकलवरून न्यायचा. मासा लागला की काठी माझ्या हातात द्यायचा आणि घरी सांगायचा, ‘यानेच धरला.’ आता तिथे तापीवर बॅरेज झाले आहे, पाणी तुंबून असते. पण माझ्या डोक्यात ती नदी अजून वाहतेच आहे.

पुढे तो परदेशी गेला. आठ वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा तो तेराव्यालाही पोचला नाही. मी त्याला एक पत्र लिहिले. पत्र चांगले उतरले होते. मराठीच्या प्राध्यापकाला राग आला, की तो निदान व्याकरणशुद्ध येतो. त्या पत्राला उत्तर आले नाही. तेव्हापासून दिवाळीला वहिनी आणि आमची सौ. फोनवर बोलत, ‘फराळ झाला का?’ आणि आम्ही भाऊ पलीकडच्या खोलीत बसून तो फराळ ऐकत असू.

गेल्या जानेवारीत एक पुडके आले. आत टेबलाला अडकवायचा छोटा शिकंजा, चौदा नंबरचे गळ आणि एक पत्र. अक्षर वहिनींचे, शब्द दादाचे. त्याला कंपवाताने गाठले होते. काठी धरता येते, पाण्यावर फेकताही येते. पण बारीक काम हाताला जमत नाही. ‘तिकडे १५ मार्चला ट्राउटचा हंगाम सुरू होतो. तुला जमतील तशा सहा माशा बांध. तरंगणाऱ्या हव्यात.’ बाबांविषयी एक शब्द नाही. पत्राविषयीही नाही.

मी उत्साहाने सामान जमवू लागलो. शेतातून मोराची पिसे आणली. मुंगसाचे केस उत्तम, असे कुणीसे सांगितले. मग कळले, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला आणि रानसशालाही संरक्षण आहे. मोराचे गळून पडलेले पीस घरात ठेवायला हरकत नाही, पण देशाबाहेर पाठवायला बंदी. तेव्हा प्राणी आणि पक्षी यांना मी दुरूनच नमस्कार केला.

मग सुरू झाली घरातल्या वस्तूंची परीक्षा. साधन एकच, पाण्याने भरलेला तांब्या. खानदेशात कापसाला काय तोटा! पण वातीचा कापूस जरा वेळ रेंगाळला आणि भिजताच तळाशी बसला. घोंगडीच्या लोकरीत थोडे तेल असते, म्हणून ती जास्त टिकली. शेवटी तीही भिजून जड झाली. बुडणारी माशी करायची तर असलीच पाणी पिणारी लव घ्यावी. मला हवी होती तरंगणारी. ती अखेर गोठ्यात सापडली. बैलाला बांधायची जी दोरी आपण ‘नायलॉनची’ म्हणतो, ती पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनची असते. नायलॉन पाण्याहून जड, आणि हे पाण्याहून हलके. पाणी एक तर हे ०.९. तुकडा उसवून तांब्यात टाकला, तो दुसऱ्या दिवशी सकाळीही वरच.

दोरी मिळाली, पण रंग भडक. खरा किडा एका रंगाचा नसतो. हिरवा, पिवळा, थोडा केशरी आणि चिमूटभर काळा मिसळला तर शेवाळी रंग साधतो. मी तंतू अर्धा-पाऊण इंचाचे कापले. फार लांब ठेवले तर सुंभासारखे गुंडाळले जातात, फार आखूड केले तर दोऱ्यावर ठरत नाहीत. मग ते मिक्सरमध्ये घातले. तंतू पात्याला गुंडाळले गेले, आणि त्यानंतर जे काही मला ऐकावे लागले ते डबिंगशिवाय छापण्याजोगे नाही. खरी रीत साधी आहे. बरणीत पाणी आणि साबणाचा थेंब घेऊन तंतू त्यात खूप हलवायचे, गाळायचे आणि वाळवायचे. रंग छान एकजीव होतात.

दोऱ्यावर लव वळणे मात्र मला आठ दिवस साधेना. मी अंगठा पुढे-मागे करत होतो. सौ. देवासाठी वाती वळत बसली होती. ती म्हणाली, ‘अहो, एकाच दिशेने वळायचे असते. पुढे वळलेले मागे नेले की उलगडणारच.’ झाले! पाचशे वर्षांची विद्या एका वाक्यात आली. दुसरी चूक जास्त लव घेण्याची. घेतली असेल तिची निम्मी टाकावी, आणि उरलेलीची पुन्हा निम्मी. दोरा नुसता धुरकट दिसला की पुरे.

मेण मी आठवड्याच्या बाजारातून आणले, आग्या मोहोळाचे. नुसते मेण जानेवारीच्या थंडीत दगडासारखे. त्यात थोडी राळ घातली म्हणजे चिकटपणा येतो, आणि एरंडेलाचे काही थेंब टाकले म्हणजे ते मऊ पडते. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते. ते थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात भांडे ठेवून वितळवावे, नाहीतर पेट घ्यायचे. पहिल्या खेपेला एरंडेल जास्त झाले, आणि लव दोऱ्याऐवजी माझ्या बोटांवर चढली. मेण इतकेच लावावे, की दोऱ्यावरून बोट फिरवले तर नुसते अडखळावे.

आणि लाख! बाजारात हेड सिमेंटच्या बाटल्या मिळतात, पण आपल्या देशाला त्याची काय मातब्बरी? पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांनी केलेली ही राळ. लाक्षागृहाची लाख, बांगड्यांची लाख, जुन्या ७८ च्या ध्वनिमुद्रिकांची लाख. सुतार ती स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो. त्याच्याकडून मी औषधाच्या बाटलीत थोडी मागून आणली. पहिला हात पातळ द्यावा, म्हणजे तो दोऱ्यात मुरतो. वाळल्यावर दुसरा जरा दाट, चकाकीसाठी. गळाच्या नेढ्यात थेंब अडकला तर ओला असतानाच दोरा ओवून काढावा. नाहीतर मासेमार नदीकाठी उभा राहून बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

पंखांना त्याच दोरीचे पांढरे तंतू घेतले, शेपटीला रंगाच्या ब्रशचे नायलॉनचे तीन केस, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस सहा माशा रवाना केल्या. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात फोन वाजला. या वेळी स्वतः दादा.

‘तीन सुटल्या,’ तो म्हणाला. ‘लाख सुंदर चकाकते रे. पण आत गाठ कुठे आहे?’

मी वरवरचे दोन फास देऊन त्यांवर लाखेचा मोठा थेंब सोडला होता. मला वाटले, लाख धरील. दादा म्हणाला, ‘लाख गाठीला सांभाळते, गाठीची जागा नाही घेत.’ मग त्याने मला खरी गाठ सांगितली. दोऱ्याचेच टोक खाली दाबून त्यावर पाच वेढे घ्यायचे आणि टोक आतून ओढून घ्यायचे. सांगताना त्याचे हात पडद्यावर दिसत नव्हते. ते त्याने टेबलाखाली ठेवले होते. मी इकडे बांधत होतो आणि तो ‘सैल, सैल, आता ओढ’ म्हणत होता. चौथ्या खेपेला जमली. नंतर थोडा वेळ कुणीच बोलले नाही.

‘तुझे ते पत्र माझ्याकडे आहे,’ दादा म्हणाला.

‘फाडले नाहीस?’

‘नाही. अक्षर चांगले आहे तुझे.’ जरा थांबून म्हणाला, ‘तिकीट काढले होते मी. विमानतळापर्यंत गेलो, आणि घरात बाबा नाहीत हे बघायची हिंमत झाली नाही. हे तेव्हाच लिहायला हवे होते.’

मी म्हणालो, ‘मीही आधी विचारायला हवे होते.’ एवढेच झाले. मग तो म्हणाला, ‘लव अजून जास्त घेतोस तू.’

एप्रिलमध्ये दुसऱ्या सहा गेल्या. ६ ऑक्टोबरला तिकडचा हंगाम संपला आणि परवा डबी परत आली. पाच माशा नदीने ठेवून घेतल्या. सहावी डबीत होती. तिचे अंग चावून पिंजून गेले आहे, एक पंख नाही. पण डोके जसेच्या तसे. बरोबर चिठ्ठी, या वेळी दादाच्या हातची. अक्षरे ओळ सोडून इकडेतिकडे गेली आहेत, तरी वाचता येतात. ‘मासे सोडून दिले. पुढच्या मार्चसाठी बारा.’

समोर देवघरात सौ. वाती वळते आहे, आणि मी टेबलाशी पेळू. बारांपैकी चार झाल्या. पाचवीची गाठ मारायची आहे आणि दोरा ताणून धरला आहे. तेव्हा वाचकहो, आज इथेच थांबतो. दिवाळी सुखाची जावो.