इंटरसेप्शन नक्की कुणाचं?

एनएफएलचे हायलाइट्स बघणाऱ्यांना हा सीन पाठ असतो. क्वार्टरबॅक लांब पास टाकतो, रिसीव्हर हात पुढे करतो आणि मागून कुठूनतरी एक सेफ्टी धावत येऊन हवेतल्या हवेत बॉल पळवतो. स्टेडियम दणाणतं आणि आपण ठरवून टाकतो, हाच बेस्ट सेफ्टी! सीझन संपला की सर्वाधिक इंटरसेप्शनची यादी उघडायची, वरचं नाव वाचायचं, वाद खल्लास.

माझं म्हणणं आहे की हा हिशेब अर्धवट आहे. सेफ्टीच्या नावापुढचा इंटरसेप्शनचा आकडा त्याच्या एकट्याचा नसतो. कोचने त्याला कुठे उभं केलं, त्याची नजर कुणावर ठेवायला सांगितली, पुढच्या फळीने क्वार्टरबॅकवर किती दबाव आणला, हे सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असतं. आणि याच आकड्याकडे बघून कोट्यवधी डॉलरचे करार होतात, ‘हॉल ऑफ फेम’चे वाद रंगतात. म्हणून तो नीट वाचता यायला हवा.

ज्यांना हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. डिफेन्सचे अकरा खेळाडू असतात. त्यातले साधारण दोन सेफ्टी, सगळ्यात मागे. बाकी सगळे चुकले तर शेवटचा आधार हेच. क्रिकेटमध्ये स्लिपमधल्या फिल्डरकडे पॉइंटवरच्या फिल्डरपेक्षा जास्त कॅच येतात, पण म्हणून तो जास्त चांगला फिल्डर आहे असं आपण म्हणत नाही. कॅच त्या जागेकडे येतात. सेफ्टीचंही बरंचसं असंच आहे.

आता स्कीमकडे येऊ. पहिला फरक नजरेचा. ‘मॅन’ कव्हरेजमध्ये डिफेंडरला एक माणूस वाटून दिलेला असतो आणि तो जिकडे पळेल तिकडे याने पळायचं. अशा वेळी बऱ्याचदा बॉलकडे पाठ असते. पास अडवता येतो, पकडणं अवघड. ‘झोन’मध्ये माणसाऐवजी जागा वाटून दिलेली असते. डिफेंडरचं तोंड क्वार्टरबॅककडे असतं. त्याचे डोळे, खांदे, पास कुठे निघालाय, हे सगळं समोर दिसतं. बॉल चोरायचा तर आधी तो दिसायला हवा ना!

दुसरा फरक जागेचा. ‘कव्हर १’ आणि ‘कव्हर ३’मध्ये सहसा एकच सेफ्टी मागे मधोमध थांबतो. दुसरा पुढे येतो, रनिंग प्ले थांबवतो, टॅकल करतो, अंगावर मार घेतो. ‘कव्हर २’मध्ये दोघेही मागे थांबतात आणि मागचं अर्धं अर्धं मैदान वाटून घेतात. म्हणजे एकाच टीममधल्या दोन सेफ्टींची कामंसुद्धा इतकी वेगळी असू शकतात की त्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणंच चुकीचं ठरतं.

सिएटल सीहॉक्सचं उदाहरण घ्या. २०१२ ते २०१५ अशी सलग चार वर्षं या टीमने लीगमध्ये सगळ्यात कमी पॉइंट दिले. त्यांच्या ‘कव्हर ३’मध्ये अर्ल थॉमस मागे मधोमध असायचा आणि कॅम चॅन्सलर पुढे. सिएटलकडून थॉमसचे २८ इंटरसेप्शन झाले. चॅन्सलरचे अख्ख्या करिअरमध्ये १२. नुसती यादी बघाल तर चॅन्सलर किरकोळ वाटेल. पण फेब्रुवारी २०१४ची सुपर बोल आठवा, सिएटलने डेन्व्हरला ४३-८ असं धुतलं ती. सुरुवातीलाच छोटा पास पकडलेल्या डिमेरियस थॉमसला चॅन्सलरने अशी काही धडक दिली की मॅचचा सूर तिथेच लागला. कागदावर तो फक्त एक टॅकल. त्याच क्वार्टरमध्ये त्याने पेटन मॅनिंगचा पासही पळवला, म्हणजे हातही चांगलेच होते. रोजचं काम मात्र वेगळं होतं.

एकाच खेळाडूच्या बाबतीत स्कीम बदलली की काय होतं? यासाठी शिकागो बेअर्सचा एडी जॅक्सन बघा. २०१८मध्ये त्याचे ६ इंटरसेप्शन, त्यातल्या दोनांवर थेट टचडाउन. बेअर्सने त्या सीझनमध्ये २७ पास पळवले, लीगमध्ये सर्वाधिक. डिफेन्स चालवत होते विक फँजिओ. दोन्ही सेफ्टी मागे उभे करून क्वार्टरबॅकला एक चित्र दाखवायचं आणि बॉल हलला की ते बदलून टाकायचं, ही त्यांची खासियत. शिवाय सीझन सुरू होण्याच्या आठवडाभर आधी खलील मॅक टीममध्ये आला होता. त्याच्यासारखा खेळाडू अंगावर येत असताना क्वार्टरबॅकला नीट विचार करायला वेळच मिळत नाही. घाईत टाकलेल्या पासची कमाई मागे थांबलेल्या सेफ्टीला होते.

२०१९मध्ये फँजिओ डेन्व्हरचे हेड कोच झाले. चक पगॅनो आले, जोडीदार सेफ्टी बदलला आणि जॅक्सन पुढे, लाइनजवळ जास्त दिसू लागला. त्या वर्षी इंटरसेप्शन २. जानेवारी २०२०मध्ये त्याने ४ वर्षांचा, ५ कोटी ८४ लाख डॉलरचा करार केला. मग २०२०मध्ये शून्य, २०२१मध्येही शून्य. २०२२मध्ये झोन खेळवणारे मॅट एबरफ्लस हेड कोच म्हणून आले आणि पायाच्या दुखापतीआधीच्या १२ मॅचमध्ये ४. आकडे ओळीने वाचा : ६, २, ०, ०, ४. खेळाडू तोच, जर्सी तीच.

आता तुम्ही म्हणाल, सगळं श्रेय स्कीमलाच देऊन टाकलं की! तसंही नाही. २०२१मध्ये बेअर्सचा डिफेन्स शॉन डिसाईकडे होता आणि ते फँजिओंच्याच तालमीतले. तरी जॅक्सनच्या खात्यात शून्य. पण त्या सीझनमध्ये मॅक दुखापतीमुळे ७च मॅच खेळला. शिवाय इंटरसेप्शन ही दुर्मिळ गोष्ट आहे. सेफ्टीच्या वाट्याला वर्षभरात मोजके बॉल येतात, त्यातला एक हाताला लागून निसटला तरी वर्षाचा हिशेब बदलतो. थोडा नशिबाचा भाग असतोच.

माझ्या मताच्या विरोधातलं सगळ्यात भक्कम नाव म्हणजे एड रीड. बाल्टिमोर रेव्हन्सच्या या सेफ्टीने लीगमध्ये सर्वाधिक इंटरसेप्शन तीनदा केले : २००४ आणि २००८मध्ये प्रत्येकी ९, २०१०मध्ये ८. तिन्ही वेळा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर वेगळा. आधी माइक नोलन, मग रेक्स रायन, मग ग्रेग मॅटिसन. २०१०मध्ये तर तो पहिल्या ६ मॅच खेळलाच नव्हता, म्हणजे ८ इंटरसेप्शन १० मॅचमध्ये. स्कीमच सगळं ठरवते म्हणणाऱ्याने याचं काय करायचं?

रीड अफाटच होता. क्वार्टरबॅकला मुद्दाम मोकळी जागा दाखवून पास टाकायला लावायचा आणि मग झडप घालायचा. पण तीन कोऑर्डिनेटरांमध्ये एक गोष्ट समान होती. रीडला मागच्या मैदानात स्वतःच्या अंदाजाने फिरायची मोकळीक प्रत्येकाने दिली. तो जागा सोडून गेला तर ती भरून काढणारे सहकारीही त्याच्यापाशी होते. टॅलेंट त्याचं, मोकळीक स्कीमची. त्याला दर मॅचला लाइनजवळ उभं करून टाइट एंडच्या मागे पळवलं असतं तर ६४ इंटरसेप्शन झाले असते का? मला नाही वाटत.

मग विक्रमवीराचं काय? पॉल क्रॉस, १९६४ ते १९७९, करिअरमध्ये ८१ इंटरसेप्शन. हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. मिनेसोटा वायकिंग्समध्ये तो सगळ्यात मागे थांबून बॉलवर लक्ष ठेवायचा आणि पुढे अ‍ॅलन पेज, कार्ल एलर, जिम मार्शल यांची फळी क्वार्टरबॅकवर तुटून पडायची. शिवाय तो काळच वेगळा होता. १९७०च्या दशकात दर १०० पासमागे साधारण ५ पळवले जायचे, आता जेमतेम २ ते अडीच. आणि गंमत बघा, ८१चा आकडा नावावर असूनही ‘हॉल ऑफ फेम’साठी क्रॉसला १९९८ उजाडलं. याउलट कारकिर्दीत फक्त २६ इंटरसेप्शन असलेला, धडकांसाठी गाजलेला जॉन लिंच २०२१मध्ये तिथे पोहोचला. म्हणजे निवड करणाऱ्यांनाही आकड्यापलीकडचं काहीतरी दिसत असतं. मग आपण फॅन लोकांनी यादीतल्या एकाच रकान्यावर का अडून बसायचं?

टीमलाही याचा फटका बसतो. एका स्कीममध्ये ६ पास पळवलेल्या सेफ्टीला मोठे पैसे द्यायचे, मग त्याला दुसऱ्याच कामाला लावायचं आणि इंटरसेप्शन का येत नाहीत म्हणून त्याच्यावरच खापर फोडायचं, यात चूक खेळाडूची कशी? जॅक्सनला बेअर्सने फेब्रुवारी २०२४मध्ये सोडलं. त्याच वर्षी झेव्हियर मॅकिनी न्यूयॉर्क जायंट्सकडून ग्रीन बेला गेला. जायंट्सकडे ४ सीझनमध्ये त्याचे ९ इंटरसेप्शन होते. ग्रीन बेमध्ये पहिल्या पाच मॅचमध्ये प्रत्येकी एक आणि सीझनअखेर ८. तो एका उन्हाळ्यात इतका सुधारला असेल, की त्याला हवी ती जागा मिळाली? माझं मत दुसऱ्या पर्यायाला.

तर पुढच्या वेळी रविवारी रात्री जागून मॅच बघाल तेव्हा एक करा. बॉल हलायच्या आधी टीव्हीच्या फ्रेममध्ये मागे किती सेफ्टी दिसतायत ते मोजा. एक की दोन? बॉल हलल्यावर ते तिथेच राहिले की जागा बदलली? क्वार्टरबॅकला पास घाईत टाकावा लागला का? एवढं बघून झालं की मग खुशाल वाद घाला, बेस्ट सेफ्टी कोण. तेव्हा त्या वादात खरंच काही दम असेल.