काल चालत होते, आज का नाही?

संगणकाचा विषय निघाला की आपण कला शाखेचे विद्यार्थी "ते सायन्सवाल्यांचे काम" असे म्हणून मोकळे होतो. मीही होत असे. परंतु गेल्या पावसाळ्यात एक प्रसंग असा घडला की, या बाबतीत आपली काही चूक तर होत नाही ना, असे वाटल्यावाचून राहिले नाही. म्हणून हे चार शब्द.

माझ्या दादाने ओव्हरटाइमच्या पैशांतून मला एक जुना लॅपटॉप घेऊन दिला. त्यावर लिनक्स आहे, कारण ते फुकट मिळते. एका रात्री अपडेट झाले आणि सकाळी वायफाय नाहीसे! दुकानदाराने झाकण उघडूनही पाहिले नाही. "ताई, कार्ड गेलंय. आता नवीन लॅपटॉपच घ्या," म्हणाला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला चार दिवस उरले होते. दादाला काय सांगावे, या विचाराने मी दोन दिवस गप्प होते.

तिसऱ्या दिवशी बी.एस्सी.च्या एका विद्यार्थ्याने यंत्र सुरू होतानाच्या यादीतून जुना कर्नल निवडला आणि वायफाय आले! कार्ड शाबूत होते; बिघडला होता तो नवा कर्नल.

कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा. यंत्रात कोणकोणती उपकरणे आहेत हे तोच ओळखतो. ही ओळख कशी पटते ते आपल्या हजेरीपटावरून चटकन कळेल. प्रत्येक कार्डाला दोन क्रमांक असतात, एक बनवणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा त्या वस्तूचा. (इंटेल कंपनीचा क्रमांक ८०८६ आहे, तिच्या एका जुन्या गाजलेल्या चिपचे नावही हेच!) कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरजवळ अशा क्रमांकांची यादी असते. क्रमांक यादीत सापडला की ड्रायव्हर कार्डाचा ताबा घेतो. न सापडल्यास कार्ड वर्गात बसलेले असूनही गैरहजर! यादीची आवराआवर करताना कोणाच्या हातून एक ओळ गळाली, तर जगात कुठेतरी कोणाचे यंत्र मुके होते. जुन्या यादीत नाव होते आणि नव्या यादीत नाही, हा अनुभव रेशनच्या दुकानात आमच्या घराने घेतलेला आहे.

लिनक्सवाल्यांचा या बाबतीतला दंडक मला फार आवडला. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना हा कर्नल लिहायला घेतला. काल चालत असलेली गोष्ट नव्या बदलामुळे आज बंद पडली तर दोष बदलाचा, वापरणाऱ्याचा नव्हे, असे ते निक्षून सांगत आले आहेत. दुरुस्ती लवकर जमत नसेल तर तो बदलच मागे घ्यायचा. "तुमचे यंत्र जुने झाले" हे उत्तर तिथे चालत नाही. आमच्या दुकानदाराने मात्र तेच दिले होते.

यावर कोणी म्हणेल, जुने किती दिवस ओढायचे? प्रश्न रास्त आहे. ज्या ३८६ प्रोसेसरवर टॉरव्हाल्ड्स यांनी सुरुवात केली, त्याचाच आधार २०१३ च्या ३.८ या आवृत्तीपासून काढून टाकण्यात आला. परंतु तो जाहीरपणे, विचार करून काढला. सांगून निरोप देणे वेगळे आणि न सांगता नाव गाळणे वेगळे.

चूक शोधण्याची रीतही साधी आहे. दोन आवृत्त्यांमध्ये हजारो बदल झालेले असतात. मधला बदल घेऊन कर्नल तयार करायचा व चालवून पाहायचा. चालला तर चूक पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या अर्ध्यात. पुन्हा त्याचा अर्धा. १०२४ बदल असतील तर दहा चाचण्यांत अपराधी सापडतो. शब्दकोशात शब्द शोधताना आपण पाने अशीच उलटतो, नाही का?

अर्थात सर्वच चुका अशा सरळ पकडता येत नाहीत. २००८ साली २.६.२७ या आवृत्तीचे चाचणी-कर्नल वापरणाऱ्या काही लोकांची इंटेलची नेटवर्क कार्डे एकाएकी ओळखू येईनाशी झाली. कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीतली माहितीच बिघडली होती, म्हणून ड्रायव्हर त्याला स्वीकारीत नव्हता. जुन्या कर्नलवर परत जाऊनही उपयोग नव्हता, आणि अर्धे-अर्धे करून शोधावे तर दर चाचणीला एक कार्ड पणाला! संशय साहजिकच त्या ड्रायव्हरवर गेला, चित्रे दाखवणाऱ्या भागावरही गेला. खरा अपराधी निघाला एफट्रेस, म्हणजे कर्नलच्या कामाची टिपणे ठेवणारा भाग. रिकाम्या झालेल्या स्मृतीच्या पत्त्यावर तो अजून आपलेच घर समजून लिहीत होता, आणि त्या पत्त्यावर आता कार्डाची स्मृती राहायला आली होती. लोकांनी "कार्ड गेले" म्हणून ती फेकून दिली असती, तर हे बिंग कधी फुटले असते कोण जाणे!

मला सांगायचे आहे ते हेच. दुरुस्तीचे निम्मे काम तक्रार नीट लिहिण्यात आहे, आणि ते भाषेचे काम आहे. "वायफाय चालत नाही" ही तक्रार नव्हे, तो उसासा झाला. कोणत्या आवृत्तीपर्यंत चालत होते, कोणतीपासून बंद पडले, कार्डाचे क्रमांक काय, सुरू होताना यंत्राने काय लिहून दाखवले, एवढे चार मुद्दे पाहिजेत. त्यात अंदाज आणि पाहिलेली गोष्ट यांची सरमिसळ नको. जुन्या कर्नलवर बसून आधी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, आणि मग शब्दकोश शेजारी ठेवून मी असे पत्र इंग्रजीत लिहिले. पाच वेळा खोडले. आठवड्याने उत्तर आले ते दोन प्रश्नांचे, कोणी हसले नाही, की "तुम्ही कोण?" असेही विचारले नाही. पुढे एक दुरुस्ती तपासायला आली. ती घालून कर्नल तयार करायचे काम त्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यानेच केले, कारण माझ्या लॅपटॉपला त्यासाठी रात्र पुरली नसती. वायफाय आले. दुरुस्ती अवघ्या एका ओळीची होती. तिच्या खाली, कळवणारी व्यक्ती म्हणून, माझे नाव आहे. दादाला ते दाखवले तर तो म्हणाला, "पैसे किती मिळाले?"

आता थोडे आपल्या घरचे. आपल्या संगणक कक्षात सहा यंत्रांवर खडूने "नादुरुस्त" असे लिहिले आहे. तीही लिनक्सवरच चालतात आणि ती बंद पडली तीही एका अपडेटनंतरच, असे ग्रंथालयातील मामा सांगतात. प्राध्यापक मंडळींना आणि मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे की, भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी ती एकदा जुन्या कर्नलवर सुरू करून पाहावीत. मी यायला तयार आहे. कक्षाची किल्ली कोणाकडे असते, तेवढे मात्र दोन महिने विचारूनही कळलेले नाही.

— द्वितीय वर्ष, कला