दुतेर्ते हेगच्या कोठडीत पोहोचले, मग पुतिन का नाही?

११ मार्च २०२५ ची सकाळ. हाँगकाँगहून आलेलं विमान मनिलाच्या विमानतळावर उतरलं. त्यातून फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते बाहेर पडले, तर समोर पोलीस उभे होते. हे तेच पोलीस दल, ज्याला दुतेर्तेंनी सहा वर्षं शब्द दिला होता की गोळ्या घालाव्या लागल्या तरी मी तुमच्या पाठीशी आहे. त्याच दलाने त्यांना अटक केली. रात्री त्यांना एका खास विमानात बसवलं आणि दुसऱ्या दिवशी ते नेदरलँड्समधल्या हेग शहरात, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कोठडीत होते. त्यांची ऐंशी वर्षं पूर्ण झाली ती त्या कोठडीतच.

आरोप आहे 'मानवतेविरुद्धचे गुन्हे'. आशियातल्या एखाद्या देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष या न्यायालयाच्या ताब्यात जाण्याची ही पहिलीच वेळ.

सोशल मीडियावर तेव्हा एकच प्रश्न फिरत होता. दुतेर्तेंना उचललं, मग पुतिन आणि नेतन्याहू मोकळे कसे? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर 'सगळं सेटिंग असतं' इतकं सोपं नाही.

आधी एक गोंधळ दूर करू

या न्यायालयाचं इंग्रजी लघुरूप आयसीसी. क्रिकेटवाल्या आयसीसीशी त्याचा संबंध नाही, हे सगळ्यांना कळतं. खरी गल्लत होते ती हेगमधल्याच दुसऱ्या न्यायालयाशी. कुलभूषण जाधव यांचा खटला भारताने जिथे लढवला ते आंतरराष्ट्रीय न्यायालय वेगळं. ते संयुक्त राष्ट्रांचं आहे आणि तिथे देश विरुद्ध देश असा वाद चालतो. आयसीसीत देशावर खटला चालत नाही, माणसावर चालतो. तो राष्ट्राध्यक्ष असो, सेनापती असो की टोळीचा म्होरक्या.

१७ जुलै १९९८ ला रोममध्ये या न्यायालयाचा करार मंजूर झाला आणि १ जुलै २००२ पासून ते सुरू झालं. आज सुमारे सव्वाशे देश सदस्य आहेत. भारत, चीन, अमेरिका आणि रशिया त्यात नाहीत.

दुतेर्तेंनी नेमकं केलं काय?

२०१६ मध्ये ते निवडून आले ते 'ड्रग्जविरोधी युद्धा'चं आश्वासन देऊन. फिलिपिन्समध्ये 'शाबू' नावाच्या स्वस्त नशेने गरीब वस्त्या पोखरल्या होत्या, हे खोटं नाही. लोक वैतागले होते. त्याआधी बरीच वर्षं दुतेर्ते दावाओ शहराचे महापौर होते आणि गुंडांचा 'बंदोबस्त' करणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती.

सत्तेवर येताच 'टोकहांग' नावाची मोहीम सुरू झाली. स्थानिक भाषेतल्या 'दार ठोठावणं' आणि 'विनंती करणं' या दोन शब्दांपासून हे नाव बनलं. म्हणजे पोलीस संशयिताच्या घरी जाणार, दार वाजवणार आणि शरण ये म्हणणार. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात वस्तीवस्तीत संशयितांच्या याद्या बनल्या आणि त्या यादीतली माणसं मरू लागली. पोलिसांच्या अहवालात एकच शब्द पुन्हा पुन्हा यायचा, 'नानलाबान'. म्हणजे 'त्याने प्रतिकार केला'. आपल्याकडे चकमकीच्या बातम्यांत 'पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळीबार केला' हे वाक्य वाचून मोठे झालेल्यांना हा शब्द समजावून सांगायला नको.

पोलीस कारवाईबाहेरही माणसं मरत होती. मोटारसायकलवरून दोघं यायचे, गोळ्या घालायचे, निघून जायचे.

ऑगस्ट २०१७ मध्ये मनिलाजवळच्या कॅलोकनमध्ये १७ वर्षांचा एक शाळकरी मुलगा असाच 'प्रतिकार करताना' मेला. पण सीसीटीव्हीत पोलीस त्याला धरून गल्लीत नेताना दिसले. लोक रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी तीन पोलिसांना शिक्षा झाली. हजारो मृत्यूंमागे अशा शिक्षा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

पोलिसांच्या स्वतःच्या हिशेबाने कारवायांत ६,२०० हून अधिक माणसं मारली गेली. मानवाधिकार संघटनांचे अंदाज तीस हजारांपर्यंत जातात. या दोन आकड्यांमध्ये एवढं अंतर का, हे समजून घ्यायचं तर मनिलाच्या कबरस्तानात जावं लागतं.

तिथल्या सार्वजनिक कबरस्तानांत गरिबांना कबर भाड्याने मिळते, साधारण पाच वर्षांसाठी. मुदत संपली आणि पैसे भरता आले नाहीत, तर अवशेष बाहेर काढले जातात. २०१६-१७ मध्ये मारल्या गेलेल्यांच्या कबरींची मुदत २०२१ च्या सुमारास संपायला लागली. फ्लावियानो व्हिलानुएवा नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी या कुटुंबांना मदत सुरू केली. अवशेष सन्मानाने बाहेर काढायचे, तपासायचे, दहन करून घरच्यांच्या हाती द्यायचे. तपासणीचं काम केलं न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. रॅकेल फोर्तुन यांनी. देशात अशा तज्ज्ञ फार थोड्या आहेत. त्यांना काय सापडलं? मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनियासारखं नैसर्गिक कारण आणि हाडांवर गोळीच्या खुणा. सगळ्यांच्या नाही, पण काहींच्या नक्कीच.

म्हणजे कागदोपत्री हे लोक आजाराने मेले होते. कुठल्याच यादीत ते मोजले गेले नव्हते.

याच फादर व्हिलानुएवांना २०२५ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भारताच्या 'एज्युकेट गर्ल्स' संस्थेलाही त्याच वर्षी मिळाला. त्यामुळे आपल्याकडच्या बातम्यांत त्यांचं नाव ओझरतं येऊन गेलं असेल.

मग याला नरसंहार का म्हटलं नाही?

तीस हजार माणसं मेली असतील तर हा नरसंहारच की, असं वाटणं साहजिक आहे. पण कायद्यात आकडा हा निकष नाही. १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णपणे किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्यंच नरसंहार ठरतात. गट या चारांपैकीच हवा आणि हेतूही सिद्ध व्हायला हवा. नशा करणारे किंवा विकणारे लोक या चार प्रकारांत बसत नाहीत. गंमत म्हणा की दुर्दैव, खुद्द दुतेर्तेंनी सप्टेंबर २०१६ मध्ये हिटलरशी स्वतःची तुलना केली होती. त्याने लाखो ज्यू मारले, इथे तीस लाख व्यसनी आहेत, त्यांना मारायला मला आनंदच होईल, अशा आशयाचं ते बोलले होते. नंतर त्यांनी ज्यूंची माफी मागितली. व्यसनी लोकांची नाही.

'मानवतेविरुद्धचे गुन्हे' ही कल्पना यापेक्षा रुंद आहे. सामान्य नागरिकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला झाला, तो कुठल्या तरी सरकारी किंवा संघटित धोरणाचा भाग होता आणि करणाऱ्याला ते माहीत होतं, एवढं सिद्ध झालं की पुरे. युद्ध चालू असण्याची गरज नाही, बळींचा धर्म किंवा वंश एक असण्याचीही नाही. हा गुन्हा नरसंहारापेक्षा 'हलका' आहे असं मात्र समजू नका. न्यायालयाच्या लेखी तशी उतरंड नाही. आपणच 'नरसंहार' या शब्दाला सर्वांत वरचा दर्जा देऊन टाकलाय आणि तो मिळाला नाही की बळींचा अपमान झाला असं मानतो.

देश सदस्यच नाही, तर खटला कसा?

इथे दुतेर्तेंनी स्वतःच्या मते हुशारी केली होती. फिलिपिन्स १ नोव्हेंबर २०११ ला आयसीसीचा सदस्य झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या मुख्य अभियोक्ता फातू बेन्सूदा यांनी या हत्यांची प्राथमिक चौकशी सुरू केली. पुढच्याच महिन्यात दुतेर्तेंनी करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. ती वर्षभराने, १७ मार्च २०१९ ला लागू झाली.

पण रोम करारात याची सोय आधीच करून ठेवली आहे. देश सदस्य असतानाच्या काळातल्या गुन्ह्यांची जबाबदारी बाहेर पडल्याने संपत नाही. भाडेकरूने खोली सोडली म्हणून जुनं वीजबिल माफ होत नाही, तसंच हे. म्हणून दुतेर्तेंवरचा खटला १ नोव्हेंबर २०११ ते १६ मार्च २०१९ एवढ्याच काळापुरता आहे. त्यांच्या वकिलांनी अधिकारक्षेत्राचा मुद्दा जोरात लावला, तो न्यायाधीशांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये फेटाळला.

वॉरंटमध्ये किमान ४३ हत्यांचा उल्लेख होता. नंतरच्या आरोपपत्रात तीन आरोप आणि ७६ हत्या आहेत. काही दावाओच्या महापौरपदाच्या काळातल्या, बाकीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या. हजारोंपैकी फक्त ७६ का? कारण प्रत्येक हत्येची कडी वरपर्यंत पुराव्याने जोडावी लागते. थोड्या, पण भक्कम घटना निवडायच्या आणि त्यांतून धोरण दाखवायचं, अशी ही पद्धत. ज्यांच्या घरचा माणूस या ७६ मध्ये नाही, त्यांना ही पद्धत कशी वाटत असेल, हा वेगळा प्रश्न.

अभियोक्त्यांचं काम दुतेर्तेंनी थोडं सोपंही केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिनेटपुढे साक्ष देताना आपल्याकडे गुंडांचं एक मारेकरी पथक होतं, असं त्यांनी सांगून टाकलं. संशयितांना प्रतिकार करायला भाग पाडा, असं पोलिसांना सांगितल्याचंही कबूल केलं.

खरी मेख: अटक झाली कशी?

आयसीसीकडे स्वतःचा एकही पोलीस नाही. वॉरंट काढायचं आणि कुणीतरी ते बजावेल याची वाट बघायची. दुतेर्तेंच्या बाबतीत ते बजावलं गेलं, कारण मनिलातलं राजकारण फिरलं.

२०२२ च्या निवडणुकीत फर्डिनांड मार्कोस ज्युनियर आणि दुतेर्तेंची कन्या सारा यांनी युती केली होती. मार्कोस हे जुन्या हुकूमशहाचे चिरंजीव. ते राष्ट्राध्यक्ष झाले, सारा उपराष्ट्राध्यक्ष. तोवर मार्कोस म्हणत होते, आयसीसीशी आमचा संबंध नाही. मग दोन घराण्यांत फाटलं. आपल्याला काही झालं तर मार्कोस यांना मारण्यासाठी माणूस नेमलाय, असं सारा नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीरपणे बोलल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये कनिष्ठ सभागृहाने त्यांच्यावर महाभियोग मंजूर केला. मार्चमध्ये वडिलांचं वॉरंट आलं. सरकार म्हणालं, आम्ही आयसीसीचं नाही, इंटरपोलचं ऐकतोय. देशातला २००९ चा एक कायदाही होता, अशा गुन्ह्यांतल्या आरोपीला आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपवण्याची मुभा देणारा.

म्हणजे सुडाचं राजकारण झालं का? झालंच. पण सुडामुळे दार उघडलं म्हणून आत असलेला पुरावा खोटा ठरत नाही. युगोस्लाव्हियाचे मिलोसेविच २००१ मध्ये हेगला गेले तेही सर्बियातलं सरकार बदलल्यावरच, तेव्हाच्या वेगळ्या न्यायाधिकरणापुढे. सत्तेत असलेल्या माणसाला त्याचंच सरकार धरून देत नाही.

पुतिन यांच्याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये वॉरंट निघालं, युक्रेनमधली मुलं बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून. सप्टेंबर २०२४ मध्ये ते मंगोलियाला गेले. मंगोलिया सदस्य, तरी अटक नाही. नेतन्याहूंविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये वॉरंट निघालं. एप्रिल २०२५ मध्ये ते हंगेरीत गेले, तर अटक राहिली बाजूला, हंगेरीने आयसीसी सोडण्याचीच घोषणा केली. अमेरिकेने तर आयसीसीच्या न्यायाधीशांवरच निर्बंध लादले.

आणि भारत? सुदानचे ओमर अल-बशीर यांच्यावर दारफूरमधल्या नरसंहाराचं वॉरंट होतं. ते ऑक्टोबर २०१५ मध्ये भारत-आफ्रिका परिषदेसाठी दिल्लीत आले, राहिले, गेले. डिसेंबर २०२५ मध्ये पुतिनही येऊन गेले. भारत सदस्य नसल्याने अटकेचं बंधन नव्हतं. १९९८ मध्ये रोमला भारत मतदानात तटस्थ राहिला होता. सुरक्षा परिषदेला या न्यायालयात दिलेले विशेष अधिकार, अण्वस्त्रांचा वापर आणि दहशतवाद यांना गुन्ह्यांच्या यादीत जागा न मिळणं, हे आपले मुख्य आक्षेप. त्यातला सुरक्षा परिषदेचा आक्षेप आजही वजनदार आहे. जे स्वतः सदस्य नाहीत त्यांनी दुसऱ्यांची प्रकरणं या न्यायालयाकडे पाठवायची, याला काय म्हणायचं?

आता पुढे काय?

आरोप निश्चितीची सुनावणी सप्टेंबर २०२५ मध्ये व्हायची होती. दुतेर्तेंची प्रकृती आणि स्मरणशक्ती ठीक नाही असं वकिलांनी सांगितल्याने ती लांबली. जानेवारी २०२६ मध्ये न्यायाधीशांनी ते सुनावणीला सक्षम असल्याचं ठरवलं आणि २३ फेब्रुवारीपासूनची तारीख दिली. ही सुनावणी म्हणजे खटला नव्हे, खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच त्यात ठरतं.

इकडे दावाओत मात्र वेगळंच चित्र आहे. मे २०२५ मध्ये कोठडीत असतानाच दुतेर्ते पुन्हा महापौर म्हणून निवडून आले, तेही दणदणीत मतांनी. शहराचा कारभार उपमहापौर झालेला त्यांचा मुलगा बघतो. २०२८ मध्ये फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आहे आणि सारा दुतेर्ते यांचं नाव त्या शर्यतीत घेतलं जातं.

मनिलातल्या त्या कुटुंबांना धास्ती आहे ती याचीच. आरोपी हेगमध्ये असला तरी साक्षीदार त्याच गल्ल्यांत राहतात, त्याच पोलीस ठाण्यांच्या हद्दीत. केनियात हे घडून गेलंय. आयसीसीत आरोपी असलेले उहुरू केन्याटा २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. एकेक साक्षीदार मागे हटत गेला, सरकारकडून कागदपत्रं मिळेनात, आणि डिसेंबर २०१४ मध्ये पुराव्याअभावी अभियोक्त्यांना आरोप मागे घ्यावे लागले.