गाव मांडवा, पण सिनेमात कुठंय?

आपल्याकडच्या कुठल्याही पोराने मुंबईच्या कॉलेजात ‘मी मांडव्याकडचा’ असं सांगितलं, की समोरचा घसा खरवडून विजय दीनानाथ चौहान होतोच. पूर्ण नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव, वय, सगळं पाठ. ‘अग्निपथ’ 1990 चा, म्हणजे ही नक्कल करणाऱ्या बहुतेकांच्या जन्माआधीचा. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावाचं नाव देशभर पोचवणारा याच्याइतका गाजलेला दुसरा हिंदी सिनेमा आम्हाला तरी आठवत नाही. म्हणूनच तो एकदा नीट पाहायला हवा. रील्समधले तुकडे नाही, अख्खा.

अख्खा पाहिला की सिनेमा म्हणून तो भारीच वाटतो, हे आधी सांगून टाकू. थिएटरात तेव्हा फार चालला नाही. अमिताभने आवाज इतका बदलला होता की लोकांना साऊंड बिघडलाय असं वाटलं आणि मग पुन्हा डबिंग करावं लागलं. त्याच भूमिकेला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डॅनीचा कांचा चीना आजही थंडगार वाटतो, त्याला आवाज चढवावा लागत नाही. मिथुनचा कृष्णन अय्यर मात्र आता जरा अति होतो, त्याचे फॅन्स रागावले तरी. आणि रोहिणी हट्टंगडी! अमिताभपेक्षा नऊ वर्षांनी लहान बाई त्याची आई होते आणि त्याला असं काही झापते की वयाचा हिशेब आपण विसरतो.

पण मांडवा? तो कुठंय?

सिनेमातल्या मांडव्याला पाटी आहे, मास्तर आहे, जमीनदार आहे आणि भडकवला की दगड उचलणारा जमाव आहे. मच्छीवर जगणारं घर नाही, वाडी नाही, जेट्टीवर लाँचची वाट बघत बसलेलं माणूस नाही. बाजाराला अलिबाग, कामाला मुंबई, असं ज्याचं आयुष्य वाटलेलं असतं तो आपला माणूस तर नाहीच. कुठल्याही हिंदी सिनेमातलं गाव उचलून त्याला मांडवा नाव दिलं असतं तरी कथेला फरक पडला नसता. खरं म्हणजे तसंच दिलंय.

2012 च्या रिमेकबद्दल आमचं मत जरा उलटं आहे. सिनेमा म्हणून तो पहिल्याच्या जवळपासही नाही. हृतिक मनापासून रडतो, संजय दत्त टक्कल करून भीती दाखवतो, ऋषी कपूरचा रौफ लाला तेवढा लक्षात राहतो. मांडव्याचं शूटिंग तर चक्क दीवला झालं. पण गोष्ट मात्र आपल्या जास्त जवळ आली. इथला कांचा गावात मिठाचा कारखाना काढतो म्हणून लोकांकडे जमिनी भाडेपट्ट्याने मागतो, पोटात डाव वेगळाच. मीठ, जमीन, कागदावर अंगठा आणि ‘गावाचं भलं होईल’ असं गोड बोलणारा माणूस. उरण-पेणकडच्या कुणाला हे ओळखीचं वाटत नसेल तर नवलच. मिठागरं आपल्याकडे खरीखुरी आहेत. आणि जमिनीला कोण काय भाव देतोय हा तर सध्या अलिबाग तालुक्यातल्या प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीतला विषय. 2020 ला रो-रो आली, 2024 ला अटल सेतू झाला, तेव्हापासून तर जास्तच. जुन्या ‘अग्निपथ’मध्ये विजयला गावाची मालकी परत हवी असते. आज तो आला असता तर त्याला आधी एजंटला फोन करावा लागला असता.

स्मगलिंगचंही तेच. कांचाला मांडवा हवा असतो तो किनाऱ्यासाठी, माल उतरवायला. 1990 मध्ये हे फिल्मी वाटलं असेल. पुढच्या तीन वर्षांत श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघी आणि शेखाडीला खरोखरची शस्त्रं नि आरडीएक्स उतरलं. 12 मार्च 1993 ला मुंबईत 257 माणसं गेली. अनुराग कश्यपच्या ‘ब्लॅक फ्रायडे’त ते लँडिंग आहे. तो सिनेमा खटल्यामुळे अडकून पडला आणि 2007 ला रिलीज झाला. पाहिला नसेल तर पाहा, आमच्या मते हिंदीतला या विषयावरचा सगळ्यात प्रामाणिक सिनेमा. पण तिथेही आपला किनारा म्हणजे रात्र, होड्या आणि ट्रक. ज्या गावांच्या अंगणातून हे गेलं, त्यांनी नंतर काय सोसलं, ती गोष्ट दुसऱ्या कुणीतरी करायची राहिली.

मराठीकडे वळावं तर ‘जैत रे जैत’ आहेच. जब्बार पटेल, स्मिता पाटील, मोहन आगाशे. कर्नाळ्याच्या बाजूच्या ठाकरांची गोष्ट, गोनीदांच्या कादंबरीवरून. आजही उभा राहतो तो सिनेमा. पण तो डोंगरातला. किनारा पुन्हा कोरडाच.

टीव्हीवर ‘कोकण’ म्हटलं की गाडी थेट तळकोकणात. ‘रात्रीस खेळ चाले’ 2016 ला आली, मग ‘गाव गाता गजाली’, आणि मालवणी घराघरांत पोचली. चांगलंच झालं, आम्हीही अण्णा नाईकांना घाबरलोय. पण त्याच्या मागे 1980 चं ‘वस्त्रहरण’ आहे, मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला मिळवून दिलेला मान आहे. आपल्या आगरी-कोळी बोलीला असं काय मिळालं? सिनेमात आगरी बोलणारा दिसतो तो गळ्यात सोन्याच्या साखळ्या घालून, हसवायला. गाडीची ‘गारी’ झाली की थिएटर हसतं. त्याच बोलीत आपली आजी रागावते, मयताला रडते, बाजारात हिशेब करते. प्रेमात पडलेला आगरी बोलणारा हिरो जुन्या सिनेमांत शोधून बघा, सापडला तर आम्हाला जरूर कळवा.

गोष्टी नाहीत म्हणावं तर तेही खोटं. अलिबाग तालुक्यातलं चरी गाव. 1933 च्या ऑक्टोबरात कुळांनी खोतांची जमीन कसायचं बंद केलं आणि हा संप सहा वर्षं चालला. पुढारी नारायण नागू पाटील. 1934 ला डॉ. आंबेडकर स्वतः चरीला आले. सहा वर्षं शेत पडीक ठेवून घर कसं चालवलं असेल, कोण फुटलं असेल, कोणत्या बाईने नवऱ्याला फुटू दिलं नसेल? यापेक्षा मोठा ड्रामा कुठला रायटर लिहिणार? ‘लगान’ बघून टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना चरी माहीत आहे, ते जाऊ दे. नंतरचं हवं तर पेणच्या बाजूच्या 22 गावांत सप्टेंबर 2008 मध्ये एसईझेडवर झालेलं सार्वमत घ्या. जमीन द्यायची की नाही यावर गावंच्या गावं मत द्यायला रांगेत उभी, हा सीन कुठल्या सिनेमात आहे?

हे मुंबईहून कुणी येऊन करेल याची वाट बघण्यात अर्थ नाही. आपल्या कॉलेजांच्या एकांकिका दरवर्षी बसतातच, आणि त्यातल्या निम्म्या पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये घडतात. एक तरी चरीच्या बांधावर घडू दे, आगरीत, सबटायटल्सची काळजी न करता. त्यावरून पुढेमागे कुणी सिनेमा काढलाच तर आमची एकच अट आहे. खोताचा वाडा दीवला उभारायचा नाही.