वजाबाकीचे धैर्य

कॅमेरा मेगापिक्सेलवर जोखायची सवय आपल्याला बाजाराने लावली. त्या सवयीला एकदा बाजारातूनच छेद गेला, म्हणून कॅननचा पॉवरशॉट जी-११ मला महत्त्वाचा वाटतो.

२००८ च्या जी-१० मध्ये १४.७ मेगापिक्सेल होते. २००९ च्या जी-११ मध्ये ते १० वर आणले गेले. भिंगाचा पल्ला तोच, २८ ते १४० मिमी; सेन्सरही तेवढाच, म्हणजे पूर्ण फ्रेमच्या सुमारे विसाव्या हिश्श्याचा. इतक्या जागेत दाटी केली की प्रत्येक बिंदूच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि सांजवेळचे चित्र रवाळ होते. जी-११ ने ही दाटी कमी केली.

भर उन्हात जी-१० अधिक बारकावे टिपतो, हे मान्य करायला हवे. दोघांचेही व्ह्यूफाइंडर चौकटीचा काही भाग गाळूनच दाखवतात. पण हौशी छायाचित्रकाराची खरी कसोटी उजेड सरतानाच लागते. शिवाय आयएसओ आणि एक्स्पोजरच्या भरपाईसाठी वेगळ्या चकत्या असल्याने मेनूत न शिरता हात आपोआप शिकत जातो.

२०२३ च्या गॅलॅक्सी एस-२३ अल्ट्रा या फोनच्या जाहिरातीत आकडा २०० मेगापिक्सेलचा. पण नेहमीचे छायाचित्र तो सोळा-सोळा बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलचेच देतो. वजाबाकी तिथेही आहे, फक्त ती ग्राहकाच्या नजरेआड होते. जी-११ ने ती उघडपणे केली. ग्राहकाला सुजाण समजणारी वस्तू विरळाच, आणि तिचे मोल आकड्यांत मावत नाही.